पायांनीसुद्धा खोटं नाही

ती. बाबा,

नमो बुद्धाय. मी अगदी मजेत आहे, हे आईला चष्मा सापडायच्या आधीच सांगून टाका.

काल सर्कशीत मी पहिल्यांदा एकटी दोरीवर चालले! खेळाआधी मालक हटून बसले होते, "मधेच तोल गेल्यासारखं कर, पब्लिक किंचाळलं पाहिजे." मी म्हटलं, "खोटं बोलायचं नाही असं शील घेतलंय मी. पायांनीसुद्धा नाही बोलणार." तर म्हणाले, "पब्लिक कंटाळलं, तर उद्यापासून दारात तिकिटं फाड!"

मग तुम्ही सकाळी गच्चीवर ध्यान करत चालता ना, तशीच चालले. पाय उचलला, पुढे नेला, टेकवला. मनात दुसरं काही नाही. लहानपणी मी तुम्हाला कासव म्हणून चिडवायचे. काल अख्खा तंबू त्या कासवाच्या चालीकडे श्वास रोखून बघत होता. पलीकडे पोचले, तर टाळ्या थांबेचनात, लोक उठून उभे! मालक धावत आले, "रोज असंच चाल. तोल-बिल राहू दे."

तुमचा गुडघा कसा आहे? तेल लावता, की आईला नुसतं हो म्हणता?

आणि आईला सांगा, खाली जाळी असते. मी खोटं बोलत नाही, हे आता मालकांनाही पटलंय.

तुमचीच,
कासवाची पोर