बाबांनी सांगितलेला आकडा

३ शहरीवर
अभ्यासासाठी सोडलेलं यान धूमकेतूला एवढं चिकटून फिरतंय की यानाला शेपटी दिसतच नाही. ती आपण जमिनीवरून बघायची – हे बाबा रोटीवाल्यालासुद्धा ऐकवतात.

शहरीवर महिन्यातली पहाट, मेहरीज गावातली आमची गच्ची. बाबा दुर्बिणीला, मी वहीला. धूमकेतू म्हणजे इवलासा धुरकट ठिपका. दुर्बीण जरा फिरवून शेजारचे तारे तसेच धुरकट करायचे, त्यांतल्या कुणाच्या तेजाशी तो जुळतो ते ठरवायचं. आकडा जितका लहान, तितकं तेज जास्त. आज १२.४. जगभरच्या हौशी लोकांचे असे आकडे यानवाल्यांकडे जातात.

६ शहरीवर
बाबांचा डावा डोळा गेल्यातच जमा. उजव्यात मोतीबिंदू उतरू लागलाय. डॉक्टरांना म्हणाले, "धूमकेतू गेला की करू शस्त्रक्रिया. तो काय माझ्यासाठी थांबणार आहे?"

आमच्या खगोल मंडळाचे चिटणीस सेपेहरी बाबांबद्दल हसत मला म्हणाले, "जहानबख्शआगा हल्ली तारे बघतात की काजवे?" मला फार लागलं ते.

९ शहरीवर
बाबा एकदम ताठ झाले. "लिही – ११.२."

एका दिवसात एवढं तेज वाढलं! मी डोळा लावला. ठिपका सापडेचना. तरी म्हटलं, "कालच्यासारखाच आहे, बाबा."

"नीट बघ, पोरी."

"बघितलं."

त्यांचा चहा तसाच राहिला. मी अहवालात १२.३ लिहून पाठवलं. लोकांना हसायला निमित्त कशाला द्या?

१० शहरीवर
हवेत धूळ. आकाश दिसलंच नाही.

१२ शहरीवर
बाबा वर आलेच नाहीत. "मला भलतंच दिसायला लागलंय. आता माझ्या शब्दावर कुणी विसंबू नये."

दुपारी दुर्बीण सेपेहरींच्या हवाली केली. तिचा आरसा बाबांनी स्वतः घासून घडवलेला, चाळीस वर्षांपूर्वी. तो त्यांनी फडक्यात दोनदा गुंडाळला. मला वाईट वाटलं. सुटल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

१९ शहरीवर
सेपेहरींचा फोन. यानवाल्यांनी कळवलंय – नऊ तारखेच्या पहाटे धूमकेतूतून धुळीचा मोठा लोट उसळला. जमिनीवरून कुणी पाहिला का, विचारतायत.

"त्या वेळी आकाश मोकळं होतं ते फक्त तुमच्याकडे," सेपेहरी म्हणाले. "आणि तुमचा आकडा तर नेहमीचाच. म्हणजे कुणालाच दिसला नाही, अशी नोंद होणार."

समोर बाबा पिस्ते सोलत बसले होते. "बरं," म्हणून मी फोन ठेवला.

२० शहरीवर
आज बाबांना सांगितलं – त्या पहाटे खरंच लोट उसळला होता, आणि मी ११.२ च्या जागी १२.३ लिहून पाठवलं होतं.  बाबा म्हणाले, "म्हणजे मला दिसलं होतं."

मग माझ्याकडे वळून विचारलं, "आणि तुला काय दिसलं होतं?"