पाठीची तपासणी

३ मार्च, सोमवार

आलं! सात महिन्यांनी आलं एकदाचं पत्र. शुक्रवारी सकाळी नऊला वैद्यकीय मंडळासमोर हजर राहावं. सोबत कागद – चौदा. त्यातला अकरावा हयातीचा दाखला. म्हणजे मी स्वतः समोर उभा राहिलो तरी भागणार नाही, हा माणूस जिवंत आहे असं दुसऱ्या कुणीतरी लिहून द्यायला हवं. बायको म्हणाली, "मी देते की लिहून. रोज भांडतात, त्या अर्थी जिवंत आहेत."

गंमत पुरे. डावं पाऊल बधिर झालंय. काल फाटकापाशी चप्पल गळून पडली, मला पत्ता नाही. शेजारणीने हाक मारून सांगितलं. सर्जन म्हणतो, सहा महिन्यांत ऑपरेशन करा, नाहीतर पाय गेला समजा. लष्कराच्या हॉस्पिटलात ते होईल, पण आधी मंडळाने मान्य करायला हवं की कंबर नोकरीत मोडली – अठरा वर्षांपूर्वी रसदीची गाडी उलटली तेव्हा. नाही केलं तर मी घरीच कुठेतरी घसरून पडलो! बाहेरचं ऑपरेशन आपल्या आवाक्यातलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

अपंग माजी सैनिकांची तपासणी – तिसऱ्या मजल्यावर. जिन्याने! कुबड्यावाला एक जण दुसऱ्या मजल्यावर दम खात बसला होता. वर पोचला असता तर म्हणाले असते, चढता येतंय की.

बाकावर शेजारी एक म्हातारा तोफवाला. दोन्ही कान तोफांनी खाल्लेले, अर्ज बहिरेपणाचा. शिपाई दारातून पुटपुटत नंबर पुकारत होता. तोफवाल्याचा नंबर दोनदा पुकारला, त्याला कुठून ऐकू येणार? मी त्याला कोपराने डिवचेपर्यंत शेरा पडला – गैरहजर!

मग मी. आत शिरलो, स्टुलावर टेकलो. मागच्या दाराने डॉक्टर आला. ताठ मान, छाती पुढे – एके काळी वर्दी घातलेला माणूस. आणि माझं काय झालं कुणास ठाऊक, खाड्‌कन उठून सावधान! सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पाठीतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं, पण हनुवटी वर.

"काय हवालदार, कसं काय?"

"एकदम ठीक, सर!"

ठीक! चौदा कागद घेऊन, तीन मजले चढून, हे सांगायला गेलो होतो मी. त्याने काहीतरी लिहिलं. माझ्या बुटांकडे बघितलं. "छान चमकतायत. बांधले कुणी?"

पाच वर्षं झाली, बायको बांधते. पण खोलीत दोन पोरगेले डॉक्टर होते, एक नर्स होती. म्हणालो, "मीच, सर."

सगळी मिळून चार मिनिटं.

घरी सांगितलं. बायकोने खाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या सोडल्या. मग म्हणाली, "रात्रंदिवस माझ्यापुढे कण्हता, तेव्हा लाज वाटत नाही. नेमकी त्याच्यापुढे वाटली?"

१९ मार्च, बुधवार

नामंजूर. एक – अर्जदार आधाराशिवाय झटकन उभा राहतो. दोन – स्वतःचे बूट स्वतः बांधतो. तीन – त्या काळच्या रजिस्टरात दुखापतीची नोंद आढळत नाही. तीस दिवसांत अपील करता येईल, जुनी नोंद किंवा साक्षीदार आणावा.

पहिल्या दोन मुद्द्यांचा मालक मीच. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला – तोही बधिर पायावर, म्हणून लगेच कळलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

बायकोने कवायत सुरू केलीय. ती माझा चष्मा लावून खुर्चीत बसते, मी स्टुलावर.

"कसं वाटतंय?"

"ठी–"

"पुन्हा!"

"दुखतं."

"ऐकू आलं नाही."

जोरात म्हणालो. हा शब्द मी उभ्या नोकरीत उच्चारलेला नाही. आमच्यात आजारी पडणारा म्हणजे कामचुकार. माझ्या हाताखाली कुणी सकाळी पोट धरून आला की मी विचारायचो, "कुठलं लग्न चुकतंय रे?" सगळे हसायचे. आजाऱ्यांची यादी मीच लिहायचो आणि सबंध पलटणीत आमचीच सगळ्यांत छोटी असायची. त्याबद्दल शाबासकीही मिळाली होती!

२६ मार्च, बुधवार

जुन्या दफ्तराच्या कचेरीत गेलो. कारकून भला माणूस, नाकाला रुमाल बांधून आत गेला आणि तासाभराने ते रजिस्टर घेऊन आला. पान काढलं. मी तारीख बघण्याआधी अक्षर बघितलं.

"रसदीची गाडी उलटली. गाडीत दोघे. दोघेही ठीक. ड्रायव्हर कंबरदुखीची तक्रार करतो. बहाणा. तपासणीस पाठवलेला नाही."

खाली एक फराटा. माझा.

विसरलो होतो असं नाही. आठवायची वेळ आली नव्हती. त्या रात्री मला स्वतःला कुशीवर वळता येत नव्हतं, तरी सकाळी मी हे लिहिलं. मी ठीक, तर तो कसा आजारी? मी रेटतोय, तर त्याला काय झालं? पुढे आठवडाभर त्याला पोती उचलायला लावली. आपलेच दात, आपलेच ओठ.

कारकून म्हणाला, "काय हो, न तपासता बहाणा? कोण हा शहाणा?"

"असेल कुणी गाढव," मी म्हणालो. नक्कल मागून घेतली.

२७ मार्च, गुरुवार

आज काही लिहीत नाही.

२९ मार्च, शनिवार

साक्षीदार जगात एकच – तो ड्रायव्हर. आम्ही त्याला हॉर्न म्हणायचो, रिकाम्या रस्त्यावरही वाजवायचा म्हणून. शोधत गेलो. एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवतो. कोपऱ्यात स्टूल, स्टुलाला टेकवलेली काठी. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, दिसतो थोरला.

"या साहेब! गाडीवर फार वेळ बसवत नाही, म्हणून ही चालवतो. वर-खाली. उलटत नाही, एवढं बरं."

बोलणं सगळं लिफ्टमध्येच. माणसं शिरत होती, उतरत होती. दुसऱ्या मजल्यावर मी अपघाताचा विषय काढला, पाचव्यावर माझ्या पायाचा. सातव्यावर लिफ्ट रिकामी झाली.

तो म्हणाला, "माझाही अर्ज गेला होता साहेब. तीनदा. तुमचं अक्षर पाठ झालंय मला. साक्षीदार आणा म्हणाले. मी तुम्हाला दोन पत्रं टाकली होती."

आली होती. दोन्ही. मी बायकोला वाचून दाखवून म्हणालो होतो, बघ, अजून बहाणे चाललेत पठ्ठ्याचे.

"पत्ता बदलला होता रे," म्हणालो.

"असेल, असेल. द्या कागद."

गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं. हवालदार साहेबांना कमरेला जबर मार बसला, दोन दिवस मी त्यांना धरून उठवत होतो, नोंद झाली नाही. सही केली. म्हणाला, "नोंद कुणी केली नाही ते लिहीत नाही. उगाच तुमचं अडायचं."

मी आभार मानले! दुसरं काय मानणार? तळमजल्यावर उतरलो आणि मागे न बघता चालू लागलो. शी!

८ एप्रिल, मंगळवार

अपील. तोच डॉक्टर. उठलो नाही, बायकोने खांदा दाबून धरला होता. "कसं वाटतंय?" "दुखतं, सर." आणि बूट? "ही बांधते." कान तापले, पण म्हणालो.

मग त्याने नक्कल पुढे केली, अपघाताचा पुरावा म्हणून मीच जोडलेली. "इथे दोघेही ठीक आहेत. ड्रायव्हर बहाणेबाज आहे. आणि तोच आता तुमचा साक्षीदार! ही सही कुणाची?"

बायकोचा हात खांद्यावर होता. तो तिथेच राहिला.

"वाचता येत नाही, सर. जुना कागद आहे."

"आळशी लोक," डॉक्टर म्हणाला. आणि हसला. मीही हसलो.

२१ एप्रिल, सोमवार

मंजूर! दुखापत नोकरीतली. ऑपरेशन ९ मे. बायको रडली. मुलीला फोन केला, तीही रडली. मी जेवलो नाही.

बायकोने ताट झाकून ठेवलं. म्हणाली, "सही तुमची होती हे मला तिथेच कळलं. इतकी वर्षं किराण्याच्या यादीवर तोच फराटा बघतेय."

२५ एप्रिल, शुक्रवार

तीन मजले चढून मंडळात कागद देऊन आलो. ती नोंद माझी. ड्रायव्हरला न तपासता लिहिली. तो खरं बोलत होता, मी खोटं. मागच्या तारखेला तुमच्यासमोरही खोटं बोललो. खिडकीतल्या बाईंनी दोनदा वाचलं, आत जाऊन आल्या. म्हणाल्या, चौकशी होईल. तोवर तुमची ९ मेची तारीख रद्द.

पाय आज घोट्याच्या वरपर्यंत बधिर आहे.