खाडीकडच्या खिडक्या

९ नोव्हेंबर २०११

ईदचं मटण संपायच्या आत आम्ही घर बदललं. पनवेलच्या खाडीला पाठ लावून बसलेलं, दोनच खोल्यांचं, पण स्वतःचं! ही रोजनिशी माझ्या नवऱ्याला, फारूकला, बंदरातून भेट मिळालेली. तो न्हावा शेव्याला क्रेन चालवतो आणि लिहिण्याच्या बाबतीत अंगठेबहाद्दर आहे, त्यामुळे जानेवारीपासून कोरीच होती. म्हटलं, मीच लिहिते.

घर विकून बुधाजी कोळी मुलाकडे करंज्याला गेले. सगळं चांगलं आहे, फक्त खाडीकडच्या दोन खिडक्या बघवत नाहीत. डांबर फासलेल्या जाड काळ्या फळ्या, धड मिटतही नाहीत. डास आत, चिखलाचा वास आत. आमची यूम्ना चार वर्षांची, तिचा खोकला हटत नाही तो त्यामुळेच. मी फारूकला सांगून टाकलं, पडदे नंतर, आधी काच.

१५ नोव्हेंबर

काचवाला अरसलान माप घेऊन गेला. म्हणाला, भाभी, हे लाकूड खिडकीचं नाही, होडीचं आहे. खरंच, प्रत्येक फळीला बाक होता आणि तांब्याचे खिळे. मोडलेल्या होडीचं लाकूड घराला वापरतात इकडे, त्यात नवल ते काय?

शेजारच्या रंभाताई मात्र बातमी लागताच धावत आल्या. "खिडकी बदल, त्याला आमी नाय बोलत नाय. पन त्या फल्या खाडीच्या बाजूलाच ठेव, बाय." का म्हणून विचारलं तर पदर सावरत निघून गेल्या. त्यांचा डोळा चुलीसाठी त्या लाकडावर असणार. मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही.

१८ नोव्हेंबर

खिडक्या बसल्या! पांढऱ्या ॲल्युमिनियमच्या, सरकत्या काचांच्या, जाळीसकट. घर एकदम मोठं वाटायला लागलं. खाडी, पलीकडची कांदळवनं, एखादा बगळा, सगळं पलंगावरून दिसतं. यूम्ना काचेला नाक चिकटवून बसली होती.

जुन्या फळ्या फोडून बंबात घातल्या. फुकट ते पौष्टिक. जाळ निळा-हिरवा निघाला तशी यूम्नाने टाळ्या पिटल्या. कढत पाण्याने आंघोळ करून लेक माझी खोकल्याशिवाय झोपली. मला फार बरं वाटलं.

२१ नोव्हेंबर

काचा सकाळी ओल्या असतात, आणि त्याही आतून. अरसलानला फोन केला. म्हणाला, थंडी पडायला लागली, दव असेल, पुसून टाका. पुसलं. दुपारी भरती आली तशा परत ओल्या.

यूम्नाने काच चाटली. खारट आहे म्हणाली. मी रागावले. मग स्वयंपाकघरात जाऊन बोट चाटून बघितलं.

खारट आहे.

२३ नोव्हेंबर

अमावस्या जवळ आली, भरतीचं पाणी भर दुपारी मागच्या भिंतीला लागतं. ओसरल्यावर खिडकीच्या कडेला चिखलाचे डाग दिसले. बोटांचे. चार-चार बोटं कडेवरून आत वळलेली, होडीची कड धरावी तशी. खाली नुसता गुडघाभर चिखल, माणूस उभं राहील अशी जागा नाही. चिखलात एकही पाऊल नाही.

फारूक दोन दिवस बंदरातच मुक्कामाला आहे, त्याला फोनवर सांगितलं. तो हसला. मलाही हसू यावं असं फार वाटलं.

२४ नोव्हेंबर

रंभाताईंना हात धरून घरी आणलं. आता त्या बोलल्या. बुधाजींचे दोन भाऊ होडी उलटून याच खाडीत गेले. होडी सापडली, ते नाही सापडले. बापाने होडी मोडून तिच्या खिडक्या केल्या, कारण दर उधाणाला दोघं येत आणि आपली फळी धरून राहत. ओहोटी लागली की निघून जात. कोणाला त्रास नाही. सांगितलं तर घर कोण घेणार, म्हणून बुधाजींनी रंभाताईंना गप्प बसायला लावलं होतं.

फळ्या कुठे आहेत, विचारलं त्यांनी. मी बंबाकडे बघितलं.

चहा तसाच टाकून त्या उठल्या. दारातून म्हणाल्या, "मंग आता जे हातात गावंल त्यालाच धरतील गं."

यूम्नाला ताप आहे. तिची बाही वर केली तर दंडावर चार बोटांचे वळ. मी पलीकडे स्वयंपाकघरात होते. मी फक्त पलीकडे होते! म्हणते, काकांचे हात गार आहेत.

या अल्लाह, माझ्या लेकराला नको.

उद्या सकाळी फारूक आला की महाडला, अम्मीकडे.

२५ नोव्हेंबर

फारूक आला नाही. बंदराच्या रस्त्यावर ट्रेलर अडकलेत, निघालोय म्हणतो. रिक्षा गल्लीत यायला तयार नाही. उधाणाचं पाणी दारापर्यंत आलंय, यूम्नाला कडेवर घेऊन उतरले आणि घोट्याला काहीतरी —

परत आत आले. दार लावलं. पलंगावर.

खिडक्यांना कड्या आहेत. दोनदा बघितल्या.

रंभाताईंना हाका मारल्या. त्या पलीकडून मोठ्याने काहीतरी म्हणतायत, ऐकू येत नाही, पाण्याचा आवाज —

काच सरकली. कडी तशीच आहे आणि काच —

बाहेर कोणी नाही. नुसती बोटं कडेवर. मग तीही नाहीत. लादी ओली होत चाललीये पलंगाकडे

लिहीत राहिले तर लादीकडे बघावं लागत नाही. उजव्या हाताने लिहितेय, डाव्याने यूम्नाचा हात घट्ट धरलाय. गार पडलाय, भ्यालीये पोर. ओढलं तरी सोडणार नाही. मला न्या, तिला नाही —

यूम्ना कानात विचारतेय, अम्मी, तू कोणाचा हात धरलायस.

तिचे दोन्ही हात तर माझ्या गळ्यात