मी बाळंत झालो नाही

११ जानेवारी
तळमजल्यावरचं घर हातचं गेलं! मालकानं माझा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे देणी-थकबाकीची नोंद, मागवला. त्यात सात हजार डॉलर थकलेले. कशाचे? बाळंतपणाचे. माझ्या! मी त्रेसष्ट वर्षांचा, उभा जन्म स्कूलबस चालवली, लग्न केलं नाही. गुडघे गेलेत म्हणून घर बदलतोय. मालक म्हणाला, आधी हे मिटवा.

१४ जानेवारी
वसुली कंपनीला फोन. पाऊण तास नुसतं संगीत. मग एक बाई. म्हणाली, नाव जुळतंय — रॉबिन सँडविक. म्हटलं, आमच्याकडे सँडविक ढिगानं आहेत आणि रॉबिन बायकाही असतात. तर शांतपणे म्हणते, "तुम्ही बाळंत झाला नाहीत असा डॉक्टरचा दाखला पाठवा."

२० जानेवारी
दाखला मिळाला. डॉक्टरांना लिहिताना हसू आवरेना. दाखल्याचे एकशे ऐंशी डॉलर. थकवले तर तेही रिपोर्टात.

२१ जानेवारी
शेजारच्या आर्लिसला सांगायला नको होतं. वाफाळतं कोंबडी-भाताचं भांडं घेऊन दारात — बाळंतिणीनं गरम खावं म्हणे.

६ फेब्रुवारी
दाखला नामंजूर. डॉक्टरांनी 'गरोदर नाहीत' लिहिलंय. कंपनी विचारते, गेल्या वर्षी?

२ मार्च
राज्याच्या राजधानीत जाऊन आलो. दवाखान्याची देणी क्रेडिट रिपोर्टात येऊ नयेत, असं विधेयक आलंय — त्याची सुनावणी. मला दोन मिनिटं. "मी रॉबिन सँडविक, मी बाळंत झालेलो नाही," एवढं बोललो आणि सगळे हसत सुटले. समितीच्या अध्यक्षीणबाई डोळे पुसत होत्या. दोन मिनिटं त्यातच संपली. रात्री बातम्यांत तेवढंच दाखवलं!

९ मार्च
दारात एक तरुण मुलगी. बातम्यांत मला पाहून पत्ता काढत आली. दुसरी रॉबिन सँडविक! कंपनीला खरं सांगते म्हणाली, हॉटेलात वाढायचं काम करते, हप्त्यांनी फेडीन. नुकतीच भाड्याची खोली मिळालीय तिला. रिपोर्टात हे चढलं तर तीही जाईल.
बाळ कसंय, विचारलं. हसतच विचारलं मी.
"दोनच दिवस होती," म्हणाली.
कॉफी केली. ती प्याली नाही. कायद्याचं कळेपर्यंत गप्प राहा म्हणून बजावलं.

१ ऑगस्ट
कायदा लागू. रिपोर्ट कोरा, तळमजला मिळाला. देणं मात्र उभंच आहे, वसुली चालूच. कंपनीच्या त्याच बाईचा फोन आला. म्हटलं, "लिहून घ्या. मीच बाळंत झालो होतो." महिना चाळीस डॉलर ठरले.