वहीतला तिसरा रकाना

प्रिय रेमंड,

तू देवाघरी गेलास त्याला दोन महिने झाले. आज शुक्रवार, आपली आखातातली सुट्टी, चर्चहून आले तर तुझी ती न्गोझी दारात उभी. "मॅडम, सरांची ती ब्लू नोटबुक मिळाली का?" मी म्हटलं, "नाही." वही माझ्या उशीखाली होती! मिस्सा ऐकून तासही झाला नव्हता रे. म्हणून तुलाच लिहितेय, दुसऱ्या कुणाला सांगू?

हो, जळत होते मी तिच्यावर. अजूनही जळते. आठवडाभर हॉटेलच्या रिसेप्शनवर उभा असणारा माझा नवरा शुक्रवारी कुठे माझ्या वाट्याला यायचा, तर दुपारी ही नर्सबाई फ्रेंच शिकायला हजर! वर तू म्हणणार, "यल्ला इसा, चल, तुझा छोटा आरसा दे ना. तिला ओठ बघायला लागतो." आरसा माझा, आणि बघायचे तिचे ओठ?

तिच्या मातृभाषेत, इग्बोत, घशातून घासत येणारा एक घ आहे. त्यावरून तिला फ्रेंचचा र शिकवायचास. वर तूही इग्बो शिकायला लागलास! एकच 'अक्वा', आवाज चढवला-उतरवला की कधी रडणं, कधी कापड, कधी अंडं. अल खौदच्या आपल्या दोन खोल्यांत दुपारभर अक्वा, अक्वा! "इसा, तूही बस की," असं एकदा तरी म्हणालास?

तू गेल्यापासून वही उघडायचा धीर होत नव्हता. आज ती गेल्यावर उघडली. पहिल्या रकान्यात इग्बो, दुसऱ्यात फ्रेंच. तिसऱ्यावर माझं नाव! फ्रेंचच्या एका स्वरापुढे, 'आवाज ईचा, ओठ मात्र इसा गरम चहा फुंकते तसे.' 'र'च्या पुढे, 'इसा गुळण्या करते तसा घसा.' नाकातल्या स्वरापुढे, 'इसा रुसून हं म्हणते, तसा.' पानामागून पान मीच.

म्हणजे तू बघत होतास? मग तोंडाने सांगायला काय झालं होतं? तुझ्याकडे शिकताना तिला सगळं कळलं असणार, मलाच नाही! आता तर आणखीच जळतेय.

पुढच्या महिन्यात तिची परीक्षा आहे. पास झाली तरच फ्रेंच बोलणाऱ्या हॉस्पिटलात नोकरी. येत्या शुक्रवारी तिला बोलावते, खोटं बोलले तेही सांगते. वही देईन, आरसाही धरेन. पण तिसरा रकाना आता दुमडून ठेवीन, तिला वाचू देणार नाही. तो मी स्वतः करून दाखवीन, गुळण्यांसकट.

अजून रुसलेली, तुझीच
इसा