टॉवेलवरचे त्रिकोण

१९ जून

आला! त्रिकोण आला एकदाचा!

दुपारपासून संगणकाशी भांडत होतो. बिंदू सांगितले, रेघा सांगितल्या, आणि तो म्हणतो काय — 'या रेघेचा नाद सोडतोय. अर्धविराम विसरलात का?' इंग्रजीत विचारतो, पण टोमणा तो टोमणाच. हो बाबा, विसरलो. ओळीच्या शेवटी एक अर्धविराम! तो दिला आणि पडद्यावर त्रिकोण उभा.

चैतालीला हाक मारून दाखवला. 'एवढ्यासाठी? पट्टीनं एका मिनिटात झाला असता की,' म्हणाली आणि पीठ मळायला निघून गेली. बायको शिलाईच्या दुकानात हिशेबाला बसते, तिला वेळेची किंमत कळते. पण पट्टीनं काढलेला एकच राहतो. हा पाहिजे तेवढा मोठा होतो, पाहिजे तसा फिरतो, आणि मुख्य म्हणजे उलटा होतो. मला उलटाच हवाय.

२० जून

कशापायी चाललंय हे, ते नीट लिहून ठेवतो. पुढं वाचताना मलाच गोंधळ नको.

नववीत माझ्या वर्गात पायल आहे. जन्मापासून दिसत नाही. बीजगणितात मी फळ्यावर दुसरी पायरी लिहीपर्यंत ही उत्तर सांगून मोकळी. भूमिती आली की गप्प. शेजारची आरोही तिच्या तळहातावर बोटानं त्रिकोण काढते, पण बोट उचललं की त्रिकोण गेला! परवा प्रमेय शिकवताना सवयीनं म्हणालो, 'आकृतीत बघा.' सगळ्यांनी बघितलं. ती नुसतीच बसून राहिली. 

मोठ्या बाई — आमच्या मुख्याध्यापिका — म्हणतात, तिला भूमितीऐवजी अंकगणित देऊ, सवलत आहे. चांगल्या मनानंच म्हणतात. पण अंकगणित घेतलं की पुढं विज्ञानाला, कॉम्प्युटरला जाता येत नाही, आणि पायलला तर कॉम्प्युटरच शिकायचाय. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात विषय निवडीचा अर्ज भरायचा. तोवर तिला भूमिती जमते असं दाखवलं, तर भूमिती.

म्हणून उठाव असलेल्या आकृत्या! जाड कागदावर आकृती उलटी छापायची, कागद मऊ गादीवर पालथा ठेवायचा आणि रेघेवरून कापडावर खुणा करायचं ते दातेरी चाक फिरवायचं. दुसऱ्या बाजूनं टिंबांची रेघ वर येते, सुलटी. बोटानं वाचता येते. चाक चैतालीच्या शिवणाच्या डब्यातलं. विचारलं नाही अजून.

आणि आकृती टिकझ नावाच्या संगणकाच्या भाषेत. त्यात हातानं काही काढायचं नाही, सगळं शब्दांत लिहून सांगायचं — या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत रेघ, इथं वर्तुळ, त्रिज्या एवढी. एम.एस्सी.च्या प्रबंधापुरतं शिकलो होतो. तेव्हा शिव्या घालत शिकलो, आता शिट्ट्या मारत!

२२ जून

चाकाचं कळलं तिला. 'दात बोथट झाले तर नवीन आणून द्यायचं,' म्हणाली. परवानगीच म्हणायची ही.

२४ जून

रबराच्या चटईवर कागद सरकतो. पुठ्ठ्यावर रेघ उठतच नाही. वर्तमानपत्रांच्या थप्पीवर कागद फाटला. चिडून थप्पी भिरकावली, चैतालीनं वाळलेल्या कपड्यांतला जाड टॉवेल घडी करून पुढ्यात टाकला. 'ह्याच्यावर करा, आणि आवाज कमी करा.'

काय सांगू! कागद हलत नाही, चाक बरोबर तेवढंच रुततं, आणि रेघ उठते ती काय — डोळे मिटून बोट फिरवलं, कोपरा कोपरा लागला! सोलापूरच्या टॉवेलानं अंग पुसायचं सोडून दुसरं काही करावं हे आजवर कुणाला सुचलं नसेल. उद्या त्रिकोण डी-ई-एफ शाळेत.

२५ जून

फजिती.

पायलनं कागद हातात घेतला, दोन्ही तर्जन्यांनी कडेनं फिरली, चेहरा उजळला. 'सर, हा कोपरा लई टोकदार हाय, हा पसरट.' मी वर्गात नाचायचाच बाकी होतो. मग तिनं कोपऱ्यातली ब्रेल अक्षरं वाचली आणि विचारलं, 'सर, फिड म्हणजे काय?'

एफ-आय-डी! मी लिहिलं होतं डी-ई-एफ. आरोही हसून हसून बाकावर पडली. पायल पण हसली, पण कागद सोडला नाही.

घरी येऊन डोकं धरून बसलो तेव्हा कळलं. मी आकृती उलटी करायला सांगितली, त्यानं रेघा उलट्या केल्या, अक्षरांच्या जागाही उलट्या केल्या — पण अक्षरं मात्र सुलटीच ठेवली! त्याला वाटलं, अक्षर कुणी उलटं छापतं का. भला माणूस. मग मी कागद पालथा घालून टोचला तेव्हा ती उलटली. आणि ब्रेलचं असं आहे की डी उलटला की एफ होतो, एफचा डी आणि ईचा आय.

२६ जून

दोनच शब्द वाढवायचे होते! आकृतीबरोबर अक्षरालाही फिरव, एवढंच सांगायचं. सांगितलं. कागद टोचला. मधल्या सुट्टीत पायलनं वाचलं — डी, ई, एफ. 'फिड गेला सर,' म्हणाली. आज चहासोबत भजी खाल्ली.

३ जुलै

समांतर रेषा आणि छेदिका झाली. एकरूप त्रिकोण झाले. त्रिकोणाच्या मध्यगा झाल्या, त्या एका ठिकाणी भेटतात तिथं तिचं बोट थांबलं. 'सर, ह्या तिघी भेटतातच का नेहमी?' मी हा धडा कितीदा शिकवलाय. कुणी असं विचारलं नव्हतं.

भवानी पेठेत तिच्या घरी गेलो होतो आकृत्यांची पिशवी घेऊन. तिचे वडील हणमंतराव यंत्रमागावर कामाला असतात, नुकतेच पाळी संपवून आले होते. कागदावर स्वतः बोट फिरवून बघितलं. 'सर, कष्ट दिसत्यात तुमचे. पण खरं सांगू का, पोरगी दहावी पास व्हाया पायजे. अंकगणित सोपं म्हणत्यात. नापास झाली तर सगळी म्हणतील, आंधळ्या पोरीला कशाला चढवलं झाडावर.' मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, 'बाबा, मला ऐकू येतंय.' पायलच्या आई शालनवहिनींनी चहा आणला आणि विषय बदलला.

९ जुलै

वर्तुळ नको म्हणतंय. सगळं बरोबर आहे! ओळ न् ओळ तपासली. अर्धविराम आहेत, कंस आहेत. तरी तो म्हणतो, 'हे चिन्ह मला माहीत नाही.' कुठलं चिन्ह? आकडेच आहेत सगळे!

१० जुलै

अजून नाही. फाइल पुसून पुन्हा चिकटवली, तीच चूक. चैताली म्हणाली, 'जाऊ दे, बांगडी ठेवून काढा.' तिच्याशी अबोला. जेवणापर्यंत टिकला.

११ जुलै

सापडली! चूक सापडली!

शाळेत पायलनं वर्तुळ मागितलं. म्हटलं, अडकलंय. 'कशात अडकलंय?' म्हटलं, फाइलमध्ये लिहिलेलं त्याला कळेना झालंय. 'मग ते लिहिलेलंच हाय ना? मला पाठवा की. फोन वाचून दाखवंल.'

मी पाठवली — म्हटलं, तेवढाच तिला विरंगुळा. तिनं एका कानात इअरफोन घातला आणि ऐकत बसली. फोन एवढा भरभर बोलतो की मला शब्द कळेना, हिला सगळं कळतं. एकदा ऐकलं. पुन्हा ऐकलं. मग म्हणाली, 'सर, बाकी सगळीकडं झीरो म्हणतोय. एका ठिकाणी शून्य म्हणाला.'

शून्य! मराठी शून्य! आकृतीचं नाव लिहायला कळफलक मराठी केला होता, परत इंग्रजी करायच्या आत केंद्राचा आकडा टाइप झाला. आकारात इंग्रजी नि मराठी शून्यात डोळ्याला फरक दिसतो का? मला दोन दिवस दिसला नाही. तिला दोनदा ऐकून सापडला.

स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. प्रभु सर म्हणाले, 'आमच्याकडं गुणपत्रिकेत पण असंच होतं हो, बेरीजच येत नाही.' म्हणजे हा रोग सगळ्यांनाच आहे, औषध एकटीकडे!

१२ जुलै

वर्तुळ छापलं. गोल! गोल! गोल!

१६ जुलै

पायल म्हणते, कागदाबरोबर फाइलपण पाठवत जा. पाठवतो. मला काय, चुका सापडतात फुकटात. आज विचारत होती, 'सर, कंसात सिक्स, झीरो म्हणजे उजवीकडं सहा आणि वर काहीच न्हाई, असंच ना?' म्हटलं, असंच. 'मग दोन आणि चार म्हणजे उजवीकडं दोन, वर चार.' हो. 'सोपं हाय की.' निर्देशक भूमितीचा धडा अजून लांब आहे, हिनं वाटेतच उरकला!

२४ जुलै

घटक चाचणी. लेखनिक म्हणून आठवीतली एक मुलगी दिली होती. आकृत्या मी टोचून दिलेल्या. पायल कागदावर बोटं फिरवून तोंडी सांगत होती, ती लिहीत होती. मी दाराबाहेर येरझाऱ्या. पर्यवेक्षक बाईंनी शेवटी मला हाकललं.

२८ जुलै

वर्गात दुसरी! भूमितीत! प्रमेयाची सिद्धता तर अशी की मी फळ्यावर लिहून दिली असती तशीच. पेपर घेऊन उड्या मारत मोठ्या बाईंच्या खोलीत गेलो.

आणि तिथंच थांबलो. बाईंनी पेपर नीट वाचला, चष्मा काढला. 'यशपाल सर, पोरगी हुशार आहे, त्यात वादच नाही. पण हे पान बघा.' रचनेचा प्रश्न. त्रिकोण काढून त्याचं परिवर्तुळ काढा. आकृती सुबक होती — लेखनिक मुलीनं काढलेली. 'आकृती वाचते ही, मान्य. पण काढली कुणी? रचना म्हणजे काढणं. दहावीत पण हेच होणार. कंपास दुसरीच्या हातात आणि मार्क हिला. एक तर सोडून द्यायचं नाहीतर उसनं घ्यायचं. मग ती भूमिती कुणाची, सांगा मला.'

मी भांडलो. सवलती असतात, म्हणालो. 'सवलत घेऊन अंकगणितच घ्यावं की मग,' म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी, मीच चढवला. अर्ज सोमवारी जायचाय. पेपर उचलून बाहेर आलो. बाईंचं म्हणणं चूक नाही, म्हणून जास्त राग येतोय.

२९ जुलै

पायलला सांगावंच लागलं. बाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले, मऊ करून सांगणं तिला आवडत नाही. ऐकून घेतलं. 'परिवर्तुळाचंच म्हणाल्या का?' एवढंच विचारलं. म्हटलं, त्याचंच. 'बरं सर.' बॅग उचलून आरोहीचा हात धरून गेली.

३० जुलै

पायल शाळेत आली नाही. हणमंतरावांना फोन केला. 'तापबिप काय न्हाई सर. दार लावून बसलीया. फोन बडबडतोय आतनं.'

चैताली आज टॉवेल धुवायला मागत होती. म्हटलं, ने. आता काय काम आहे त्याचं.

१ ऑगस्ट

आजही आली नाही.

३ ऑगस्ट

सकाळी फोनवर पायलची फाइल. माझ्या फाइली ऐकून ऐकून तिनं स्वतः लिहिलेली, काय उमटेल ते बघायची सोय नसताना पाठवलेली. चालवली — पहिल्या झटक्यात, एकही चूक नाही! त्रिकोण, बाजूंचे लंबदुभाजक, केंद्र उजवीकडे तीन, वर एक, आणि तिन्ही शिरोबिंदूंना टेकून गेलेलं परिवर्तुळ. छापून मोठ्या बाईंसमोर ठेवलं. त्यांनी विचारलं, 'लेखनिक कोण होती?' मी फोनवरचा तिचा निरोप ऐकवला: 'बाईंना सांगा सर, ही मी काढलीया.' बाईंनी वर्तुळावरून एकदा बोट फिरवलं. मग अर्ज पुढं ओढला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं — भूमिती.