तबकडीवरचं कुंकू

उंद्री, ३ एप्रिल १९६७
ग्लासगोहून ह्यांचं पार्सल. मला वाटलं लोकर. निघाली तबकडी, तीही ताटलीएवढी, एका बाजूला एकच गाणं. हे जिथे भाड्याने राहतात तिथल्या पोरांचा बँड. कोणतीच कंपनी घेईना म्हणून पोरांनी स्वतःच काढली. सोबत चिठ्ठी: "गाणं त्यांचं. अगदी शेवटी मी आहे." शिकायला म्हणून गेले, शिक्षण केव्हाच संपलं, आता नोकरी. परतीचं नाव नाही. आणि आमच्याकडे वाजवायला मशीनही नाही.

४ एप्रिल
सकाळी पाहते तर सासूबाईंनी तबकडी देवापुढे ठेवलेली. मधल्या कागदाभोवती हळदकुंकू, ओल्या बोटाने. घरात नवी वस्तू आली की लावतातच. सायकलला लावलं, विहिरीवरच्या इंजिनाला लावलं. मी त्यांना म्हटलं, आत्याबाई, हिला लावत नसतात.
"काऊन? माह्या लेकाचा आवाज हाये न तिच्यात?"


११ एप्रिल
वांग्यांची तोडणी. कंबर मोडली.
ह्यांचा आवाज ऐकून दोन वर्षं झाली. पूर्वी पत्रात लिहीत, इथे आपलं बोलायला कोणी नाही, जीव गुदमरतो. वाचून वाईट वाटायचं. बरंही वाटायचं, खरं तर बरंच जास्त. जीव गुदमरला की माणूस घरी येतं.

१६ एप्रिल
शेजारी लग्न. चिखलीचा गुलाब भोंगेवाला आला, त्याच्या मशीनवर लहान तबकडी चालते. दुपारी पंगती उठल्यावर लावली. धडाधड ढोल, गिटारी, एकजण जीव तोडून ओरडतोय. मामंजी म्हणाले, "याले काय होऊन राह्यलं?"
शेवट आला नि सुई घसरली. पुन्हा लावली, पुन्हा तिथेच. वाळलेलं कुंकू. सा.बाईंचं तोंड एवढंसं झालं. गुलाब रिठ्याचं पाणी मागवून कापसाने पुसत बसला. भला माणूस.
मग लागलं. गाणं थांबतं, आणि ह्यांचा आवाज, हसत: "झालं का बे?" आणि ती गोरी पोरं एका सुरात, "हाव बे!"
सगळे हसले. सा.बाई डोळे पुसत म्हणाल्या, "पाह्य, माहा लेक बोली इसरला नाही."
मीही हसले. मग आत जाऊन रडले. तिथे बोलायला कोणी नाही, या एका गोष्टीवर मी दोन वर्षं काढली. ह्यांनी तर माणसं तयार केली.

२१ एप्रिल
दर पत्रात विचारते, केव्हा येता. आज लिहिलं, मला नेता का?
सा.बाई शेजारीच बसलेल्या. "माह्यं काय लिवलं?" म्हटलं, आशीर्वाद. "अन् लवकर ये म्हणा." तेही लिहिलं, त्याच ओळीखाली.
पाकीट चिकटवलंय. अजून टपालात टाकलेलं नाही.